लेम्स्टरचं घबाड: 'दोन सम्राट' पेनीचं एक प्रकरण

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीला लागून हेरफर्डशायर परगणा आहे. तिथल्या लेम्स्टर गावाजवळच्या एका शेतात जून 2015 मध्ये साउथ वेल्सहून आलेले दोन हौशी शोधक मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होते. त्यांच्या हाती जे लागलं, ते या छंदात उभी हयात घालवलेल्यांच्याही नशिबी सहसा येत नाही. सोन्याची अष्टकोनी अंगठी, प्राण्याचं मुख कोरलेलं सोन्याचं कडं, सोन्याच्या पट्ट्यांत बसवलेला स्फटिकाचा गोळा, चांदीची लगड आणि त्यांच्यासोबत नवव्या शतकातली चांदीची नाणी, अंदाजे 300. त्यांतली फक्त 31 नाणी पोलिसांना परत मिळवता आली.

आपल्याकडे शिवराई आणि मुघल रुपये जमवता जमवता परदेशी नाण्यांकडे वळलेले संग्राहक आहेत. अँग्लो-सॅक्सन पेनी, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या राजांचं चांदीचं नाणं, हे त्यातलं मोठं आकर्षण. त्यांच्यासाठी हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. दुर्मिळ नाणं विकत घेताना आपण त्याची प्रत पाहतो, वजन पाहतो, ठसा किती स्पष्ट उमटलाय ते पाहतो. ते नाणं जमिनीतून वर कसं आलं, हा प्रश्न मात्र शेवटी विचारतो किंवा विचारतच नाही. माझ्या मते तो पहिला प्रश्न असायला हवा. का, ते या प्रकरणात फार लख्ख दिसतं.

जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे

पेनी म्हणजे चांदीचं पातळ, गोल, साधारण 20 मिलिमीटर व्यासाचं नाणं. वजन सव्वा ते दीड ग्रॅमच्या आसपास. मध्य इंग्लंडातल्या मर्सिया राज्याचा राजा ऑफा (757 ते 796) याच्या काळात या रुंद, पातळ पेनीने जम बसवला आणि पुढची कित्येक शतकं इंग्लंडचा व्यवहार तिच्यावरच चालला. एका बाजूला राजाचं नाव, बऱ्याचदा त्याचं मुखही, आणि दुसऱ्या बाजूला नाणं पाडणाऱ्या टाकसाळ्याचं नाव. हे दुसरं नाव अभ्यासकांना फार मोलाचं वाटतं. चांदीत खोट निघाली तर जबाबदार कोण, हे नाण्यावरच लिहिलेलं असे आणि आज आपल्याला त्याच नावांवरून कोणता टाकसाळी कोणत्या राजासाठी काम करत होता, याचा माग लागतो.

हजार वर्षांपूर्वीचं नाणं म्हणजे ते महागच असणार, असं नवख्या माणसाला वाटतं. तसं नाही. राजा दुसरा एथेलरेड (978 ते 1016) याने व्हायकिंगांना, म्हणजे स्कँडिनेव्हियातून समुद्रमार्गे येणाऱ्या हल्लेखोरांना, थोपवण्यासाठी खंडणीत इतकी चांदी मोजली की त्याच्या पेन्या स्वीडन-डेन्मार्कच्या मातीत इंग्लंडपेक्षाही जास्त सापडतात. त्याची साधी पेनी आजही हौशी माणसाच्या आवाक्यातली आहे. उलट ऑफाची राणी सिनेथ्रिथ हिच्या नावाची पेनी निघाली तर लिलावात झुंबड उडते, कारण स्वतःच्या नावाने नाणी असलेली ती एकमेव अँग्लो-सॅक्सन राणी. दुर्मिळपणा ठरतो तो राजा, ठसा, टाकसाळी आणि टिकून राहिलेल्या नगांची संख्या यांवर.

या हिशेबात 'दोन सम्राट' नावाचा पेनीचा प्रकार जवळजवळ शिखरावर होता. 2015 पूर्वी त्याची दोनच नाणी जगाला ठाऊक होती, एक दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड याचं आणि एक मर्सियाचा राजा दुसरा केओलवुल्फ याचं. या नाण्याच्या मागच्या बाजूला दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले आणि त्यांच्या वर पंख पसरलेली विजयदेवता दिसते. ही कल्पना उचलली होती उत्तर-रोमन काळातल्या सोन्याच्या नाण्यावरून. पाचशे वर्षांपूर्वीच्या रोमन नाण्यावरचं चित्र आल्फ्रेड आणि केओलवुल्फ या दोघांनीही आपापल्या नाण्यांवर घ्यावं, यात काहीतरी अर्थ असणार हे उघड होतं. पण अख्ख्या जगात दोनच नाणी असताना त्यावर कुणी किती बोलणार? एखाद्या टाकसाळ्याची ती एकवेळची लहर होती, असं म्हणून विषय संपवता येत होता.

केओलवुल्फ कोण होता

इथे थोडं थांबायला हवं, कारण या नाण्यांची किंमत पौंडात मोजण्याआधी त्यांच्यावरचा मजकूर समजून घेतला पाहिजे.

नवव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हायकिंगांच्या मोठ्या फौजेने इंग्लंडमधली राज्यं एकामागून एक पाडली. 873-874 च्या हिवाळ्यात फौज मर्सियातल्या रेप्टनला मुक्काम ठोकून होती. मर्सियाचा राजा बर्गरेड राज्य सोडून रोमला निघून गेला. त्याच्या जागी केओलवुल्फ आला. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त त्याला राजाचा एक बेअक्कल सरदार म्हणतं. व्हायकिंगांनी गादीवर बसवलेला, त्यांनी सांगितलं की राज्य परत करायला बांधील असलेला. पुढे कित्येक शतकं केओलवुल्फची तीच ओळख राहिली.

पण ते इतिवृत्त आल्फ्रेडच्या कारकिर्दीत, त्याच्या दरबाराच्या छायेत लिहिलं गेलं, आणि तेव्हा मर्सियावर आल्फ्रेडचा अंमल बसलेला होता. नाणी वेगळं सांगतात. 870 च्या दशकाच्या सुरुवातीला पेनीतली चांदी घसरत घसरत पाचव्या हिश्शाच्या आसपास आली होती, उरलेलं जवळपास तांबंच. 875 च्या सुमारास चलन सुधारलं, पेनी पुन्हा चांगल्या चांदीची झाली, आणि ही सुधारणा वेसेक्स आणि मर्सिया या दोन्ही राज्यांत एकत्र झाली. तीच चित्रं, तोच कस, आणि काही टाकसाळी तर दोन्ही राजांच्या नावाने नाणी पाडत होते. असं नुसत्या कळसूत्री बाहुलीशी कोण करेल? चलन एकत्र चालवायचं तर विश्वास लागतो, करार लागतो.

म्हणून 'दोन सम्राट' पेनीचे आणखी नग सापडणं हा संग्राहकांच्या चैनीचा विषय नव्हता. एक राजा इतिहासातून मुद्दाम पुसला गेला का, या प्रश्नाचा पुरावा त्या नाण्यांवर होता. लेम्स्टरच्या शेतात नेमका तोच पुरावा ढिगाने पडला होता.

शेतापासून कोर्टापर्यंत

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 चा ट्रेझर कायदा लागू आहे. तीनशे वर्षांहून जुनी, पुरेशी चांदी किंवा सोनं असलेली दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर तो कायद्याने खजिना ठरतो. चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशी चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवणं बंधनकारक. मग संग्रहालयाला तो घ्यायचा असेल तर तज्ज्ञांची समिती बाजारभावाने किंमत ठरवते, आणि ती रक्कम शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात बहुधा निम्मी-निम्मी वाटली जाते. ही पद्धत मला मनापासून आवडते. आपल्याकडचा 1878 चा निखात निधी कायदाही दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो, पण शेतात हंडा निघाल्यावर माणूस सरकारी कचेरीपेक्षा सोनाराकडे आधी का जातो, हे ग्रामीण महाराष्ट्रात कुणालाही विचारावं. इंग्लंडने प्रामाणिक माणसाला बाजारभाव देऊन ही भीती बऱ्याच अंशी काढून टाकली आहे.

तरीही या दोघांनी साठा दडवला. आठवड्या-दोन आठवड्यांत ते नाण्यांच्या व्यापाऱ्यांकडे जाऊन आले. सोन्याच्या वस्तू पुढे कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात दाखवल्या गेल्या, पण नाण्यांचा साठा मात्र झाकून ठेवला. कायद्यातली एक फट इथे लक्षात घ्यायला हवी: एकटं सुटं नाणं सापडलं तर ते सहसा खजिना ठरत नाही. म्हणजे 300 नाण्यांचा साठा फोडून एकेक नाणं 'सुटं सापडलेलं' म्हणून बाजारात सोडलं, तर कागदोपत्री त्यात काही वावगं दिसत नाही. साठा फोडण्याचा मोह इथूनच जन्मतो.

पण या छंदाची दुनिया लहान आहे. जगात दोनच नग असलेल्या प्रकाराची नवी नाणी अचानक व्यापाऱ्यांच्या हातात दिसू लागली की कुजबुज होणारच. शोधकांच्या वर्तुळात बातमी पसरली, ती संग्रहालयातल्या नोंदणी अधिकाऱ्यांच्या आणि तिथून पोलिसांच्या कानावर गेली. वेस्ट मर्सिया पोलिसांनी तपास हाती घेतला. एका व्यापाऱ्याकडे भिंगाच्या कव्हरमध्ये दडवलेली पाच नाणी निघाली. सगळ्यात महत्त्वाचा दुवा सापडला तो एका शोधकाच्या मोबाइलमध्ये. पुसून टाकलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले, आणि त्यांत मातीतून निघालेली नाणी नि दागिने एकत्र पडलेले दिसत होते. एवढी नाणी आम्हाला मिळालीच नाहीत, हा बचाव तिथेच संपला.

नोव्हेंबर 2019 मध्ये वूस्टर क्राउन कोर्टाने दोन्ही शोधकांना चोरी आणि माल दडवल्याबद्दल दोषी ठरवलं. एकाला दहा, दुसऱ्याला साडेआठ वर्षं. अपिलात ती साडेसहा आणि पाच वर्षांवर आली. नाणी दडवण्यात सामील असलेल्या एका व्यापाऱ्यालाही पाच वर्षं कैद झाली, तर दुसऱ्याला स्थगित शिक्षा. साठ्याची एकूण किंमत 30 लाख ते 1 कोटी 20 लाख पौंडांच्या दरम्यान असावी, असं कोर्टात मांडलं गेलं. सरळ मार्गाने गेले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला किमान 5 लाख पौंड आले असते, हे न्यायाधीशांनी त्यांना सुनावलं. पुढे प्रत्येकी 6 लाखांहून जास्त पौंड भरण्याचा आदेशही झाला.

शिक्षा जबर होती, असं काहींना वाटलं. मला ती योग्य वाटते, आणि फसवलेल्या जमीनमालकाच्या रकमेपुरता मी विचार करत नाही. साठा एकत्र असताना त्याला जे सांगता येतं, ते सुट्या नाण्यांना कधीच सांगता येत नाही. कोणत्या प्रकाराची किती नाणी, कोणत्या टाकसाळ्याची किती, आल्फ्रेडची जास्त की केओलवुल्फची, सर्वांत उशिराचं नाणं कोणतं: या प्रमाणावर साठा कधी पुरला ते वर्ष ठरतं आणि राजकारणाचा अंदाज येतो. हा साठा साधारण 879 च्या आसपास कुण्या व्हायकिंगाने पुरला असावा, असं तज्ज्ञ मानतात. मे 878 मध्ये एडिंग्टनच्या लढाईत आल्फ्रेडने व्हायकिंग राजा गुथ्रमच्या फौजेला हरवलं, ती फौज सायरेन्सेस्टरला सरकली आणि नंतर पूर्व अँग्लियात गेली, एवढं इतिवृत्त सांगतं. मग वेल्सच्या हद्दीजवळ व्हायकिंग काय करत होते? या प्रश्नाला धरून बसता आलं असतं, जर 300 नाणी एका टेबलावर असती.

त्याच वर्षी, त्याच इंग्लंडात

नियतीने जणू तुलनेसाठीच दुसरं उदाहरण ठेवलं. लेम्स्टरनंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबर 2015 मध्ये ऑक्सफर्डशायरच्या वॉटलिंग्टनजवळ एका निवृत्त गृहस्थांना मेटल डिटेक्टरवर संकेत मिळाला. थोडं खणल्यावर नाणी दिसली तेव्हा त्यांनी हात आवरला आणि परिसराच्या नोंदणी अधिकाऱ्यांना फोन केला. अधिकाऱ्यांनी साठ्याभोवतीची माती अख्ख्या ढेकळासकट उचलली आणि ते ढेकूळ ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत सावकाश मोकळं केलं.

त्यातून सुमारे 200 नाणी, दागिन्यांचे सात तुकडे आणि चांदीच्या 15 लगडी निघाल्या. नाण्यांमध्ये 'दोन सम्राट' पेन्या 13. एका दुपारी हा प्रकार अपवाद न राहता राज्याच्या चलनाचा एक नियमित भाग ठरला, आणि आल्फ्रेड-केओलवुल्फ यांची भागीदारी नाकारणं अवघड झालं. 2017 मध्ये ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयाने हा साठा 13 लाख 50 हजार पौंडांना विकत घेतला. आज कुणीही जाऊन तो पाहू शकतं.

दोन्ही साठे एकाच दशकात पुरलेले, बऱ्याच अंशी त्याच राजांच्या नाण्यांचे. एकातून इतिहास पुढे सरकला. दुसऱ्यातल्या ज्या 31 नाण्यांची आणि दागिन्यांची सुटका झाली, ते हेरफर्डच्या संग्रहालयाने लोकवर्गणी आणि अनुदानांतून 7,76,250 पौंड उभे करून घेतले. पण ते कितीही नीट मांडले तरी 31 नगांवरून 300 चं प्रमाण काढता येत नाही.

डरॅममधला सौदा

प्रकरण वूस्टरला संपलं नाही. उत्तर इंग्लंडमधल्या दोन माणसांनी अमेरिकेतल्या एका संग्राहकाशी संपर्क साधून आल्फ्रेड आणि केओलवुल्फची नाणी विकायची तयारी दाखवली. बातमी पोलिसांपर्यंत गेली. डरॅम पोलिसांनी श्रीमंत खरेदीदाराची माणसं म्हणून वेषांतरित अधिकारी पाठवले. मे 2019 मध्ये डरॅममधल्या एका हॉटेलात तीन नाण्यांसह एक जण पकडला गेला, आणि त्याच्या साथीदाराच्या लँकशायरमधल्या घरी आणखी 41 मिळाली. एकूण 44 नाणी, किंमत 7,66,000 पौंड, म्हणजे नगामागे सरासरी साडेसतरा हजार पौंडांच्या जवळपास. मे 2023 मध्ये दोघांना प्रत्येकी पाच वर्षं दोन महिने कैद झाली.

ही नाणी लेम्स्टरच्याच साठ्यातली असावीत, असा तज्ज्ञांचा कयास आहे. कयासच. शेतात नोंद झाली असती, माती शिल्लक असती, प्रत्येक नाण्याचा फोटो असता, तर कयासाची गरज पडली नसती.

मला या टप्प्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती अमेरिकेतल्या खरेदीदाराची. सौदा परदेशी संग्राहकाकडे जात होता, यात नवल नाही. जिथे नाणं निघालं तिथल्या लोकांना त्याची माहिती असते, प्रश्न विचारले जातात. जितका दूरचा खरेदीदार, तितके कमी प्रश्न, असा विकणाऱ्याचा हिशेब. या हिशेबात पुणे, ठाणे किंवा दुबईतला मराठी संग्राहकही चपखल बसतो. फोटो व्हॉट्सअॅपवर येतो, किंमत बाजारापेक्षा थोडी कमी सांगितली जाते, आणि 'जुन्या खासगी संग्रहातलं आहे' एवढी एक ओळ सोबत असते.

विकत घेणाऱ्याने काय मागावं

त्या एका ओळीवर समाधान मानू नये. जुना संग्रह म्हणजे कुणाचा, कोणत्या लिलावात विकला गेला, त्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये हे नाणं कितव्या क्रमांकावर आहे, फोटो छापलाय का? इंग्लंडमध्ये ही साखळी तपासणं खरंच शक्य आहे. आर. सी. लॉकेट यांच्यासारख्यांचे मोठे संग्रह 1950 च्या दशकात जाहीर लिलावात विकले गेले आणि त्यांचे कॅटलॉग आजही संदर्भ म्हणून वापरले जातात. पेनीची कड कुठे किंचित फुटली आहे, ठसा कोणत्या बाजूला सरकलाय, यावरून जुन्या फोटोशी नाणं ताडून पाहता येतं. हाताने पाडलेली दोन नाणी तंतोतंत सारखी कधीच नसतात.

नाणं अलीकडे सापडलेलं असेल तर दुसरी साखळी मागावी. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये हौशी शोधकांच्या लाखो वस्तू नोंदलेल्या आहेत आणि त्याची माहिती सगळ्यांना खुली आहे. सुट्या सापडलेल्या मध्ययुगीन नाण्यांसाठी केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाची वेगळी सूची आहे. प्रामाणिक शोधकाचं नाणं यांपैकी कुठेतरी असण्याची शक्यता बरीच असते, आणि चांगला विक्रेता नोंद क्रमांक स्वतःहून देतो. शिवाय ब्रिटनच्या मातीतून निघालेली पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायची तर निर्यात परवान्याचा प्रश्न येतो. परवान्याचं नाव काढल्यावर विकणारा गडबडला, तर सौदा तिथेच थांबवावा.

आणि 'दोन सम्राट' प्रकाराच्या बाबतीत मी याहून कडक आहे. 31 आणि 44 मिळून हिशेब 75 नाण्यांचा लागतो. बाकीची सव्वादोनशेच्या आसपास नाणी कुणाच्या तरी कपाटात, कुठल्या तरी देशात आहेत. तेव्हा 2015 आधीचा छापील पुरावा किंवा सरकारी नोंद नसलेली या प्रकाराची पेनी समोर आली, तर ती चोरीची समजूनच वागावं. पैसे देऊ नयेत, विकणाऱ्याचे संदेश आणि फोटो पुसू नयेत, आणि ब्रिटिश म्युझियमच्या नाणे विभागाला कळवावं. एखादं नाणं आज हाती लागलं, तरी त्याच्यावरच्या टाकसाळ्याचं नाव आणि ठशाची ओळख नोंदीत जाते, आणि केओलवुल्फच्या पाच वर्षांच्या राज्याबद्दल आपल्याला एक गोष्ट जास्त कळते.